विकरांच्या मागावर : डॉ. कमला सोहोनी

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्च, नफातोटा आणि आयकर यांपलीकडे ज्याला फारसे कळत नाही अशा मुलाने रसायनशास्त्रातल्या बाईंवर लेख लिहावा, हे आमच्या वर्गातल्या मित्रांना चमत्कारिक वाटेल. संपादक सरांनाही तसे वाटले होते. म्हणून आधी या लेखाचे कारण सांगतो.

माझी अक्का बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन वाट्यांत ते थोडे थोडे ओतले. पहिल्या वाटीत तिने कच्च्या बटाट्याची फोड टाकली. लगेच पांढरा फेस आला, जणू साबण फेसाळला. दुसऱ्या वाटीत उकडलेल्या बटाट्याची फोड टाकली. काहीच झाले नाही. तिसरीत तिने बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड चिमूटभर टाकली, तर तिथेही बुडबुडे उसळले. मग तीच पूड तिने पाण्यात चांगली उकळून, निववून पुन्हा घातली. पुन्हा बुडबुडे. आई म्हणत होती की ओटा खराब होईल आणि मी म्हणत होतो की यात विशेष ते काय.

विशेष असे की कच्च्या बटाट्यात कॅटलेज नावाचे विकर असते. विकर म्हणजे एन्झाइम. कन्नडमध्ये याला किण्व म्हणतात, आणि आपण मराठीत आंबवण्याच्या क्रियेला किण्वन म्हणतो. एन्झाइम या ग्रीक शब्दाचाही अर्थ यीस्टच्या आतले असाच आहे. तीन भाषा हिंडून शब्द शेवटी आंबलेल्या पिठापाशीच येतो, हे पाहून मला गंमत वाटली. हे विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू असे दोन भाग झपाट्याने करते आणि स्वतः मात्र खर्च होत नाही. अक्का मला हे रसायनाच्या भाषेत समजावू लागली, पण मला ते आमच्या अडत बाजारावरून कळले. अडत्या शेतकऱ्याची आणि खरेदीदाराची गाठ घालून देतो. तो नसला तरी सौदा कधी ना कधी झाला असता, पण त्याला चार महिने लागले असते. सौदा झाला की अडत्या पुढच्या गाडीकडे वळतो. विकराचे तसेच. फरक एवढाच की विकर अडत घेत नाही.

बटाटा उकडला की विकराची घडी विस्कटते आणि त्याचा कारभार आटोपतो. बॅटरीतली काळी पूड म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. ते खनिज आहे, त्यामुळे त्याला उकळण्याचे भय नाही. मात्र त्याला चांगले-वाईट, आपले-परके काही समजत नाही, समोर येईल त्याच्याशी ते झोंबते. विकर आपल्याला हवा तोच रेणू निवडते. एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ सालीच याला कुलूप-किल्लीची उपमा दिली होती. तेव्हा विकराची निवड आणि खनिजाचा टिकाऊपणा एकाच पदार्थात आणता येईल का, या प्रश्नामागे जगभरचे रसायनशास्त्रज्ञ गेली पन्नास-साठ वर्षे लागलेले आहेत. निसर्गातल्या विकरांची नक्कल करणारे उत्प्रेरक प्रयोगशाळेत घडवायचे, हा तो उद्योग. अक्काला बेंगळूरला जाऊन तेच शिकायचे आहे.

पण कशाचीही नक्कल करायची तर आधी मूळ नीट पाहावे लागते. आपल्या देशात ज्यांनी हे मूळ पाहण्यात आयुष्य घातले, त्यांत एक मराठी बाई होत्या, हे मला त्या दिवशी कळले. आम्ही मराठी माध्यमाची मुले दुर्गा भागवत हे नाव ओळखतो. ऋतुचक्र लिहिणाऱ्या आणि १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर असलेल्या दुर्गाबाई. त्यांची धाकटी बहीण कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, यांचे नाव मात्र मी कधी ऐकले नव्हते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बेंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. तेव्हा मुलीनेही तिथेच जावे हे घरात ठरल्यासारखेच होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र मुख्य व पदार्थविज्ञान दुय्यम असे विषय घेऊन त्या बी.एस्सी. झाल्या, त्याही गुणवत्ता यादीत पहिल्या. बेंगळूरला अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला.

त्याच साली संस्थेच्या संचालकपदी सर सी. व्ही. रामन आले होते. नोबेल पारितोषिक मिळून त्यांना तीन वर्षे झाली होती आणि साऱ्या देशाला त्यांचा अभिमान होता. त्यांनी कारण सांगितले ते इतकेच की अर्ज करणारी व्यक्ती स्त्री आहे. वडील आणि काका जाऊन भेटले, विनंती केली, उपयोग झाला नाही. मला हे वाचताना राग आला, पण रामनसारख्या मोठ्या माणसाबद्दल मी काय बोलणार! विद्वत्ता आणि न्यायबुद्धी या दोन गोष्टी एकाच माणसात असतीलच असा नियम नाही, एवढे मात्र लिहून ठेवतो.

कमलाबाई स्वतः बेंगळूरला गेल्या. त्या काळी देशभर सत्याग्रहाचे वारे होते. त्यांनीही संचालकांच्या कचेरीपुढे सत्याग्रह केला आणि आपल्याला का घेत नाही याचे लेखी कारण मागितले. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्यांना रीतसर विद्यार्थिनी मानायचे नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करायचे. आणि संस्थेतल्या पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होईल असे वागायचे नाही. या तिसऱ्या अटीबद्दल आमच्या घरी बरेच बोलणे झाले. अक्काचे म्हणणे असे की ज्यांचे लक्ष विचलित होते त्यांच्यावर अट घालायला हवी होती. अप्पांनी वर्तमानपत्र उघडले.

कमलाबाईंनी तिन्ही अटी मान्य केल्या. पुढे उतारवयात त्यांनी हा अपमान उघडपणे बोलून दाखवला, म्हणजे तो त्या विसरल्या नव्हत्या. पण तेव्हा त्या कामाला लागल्या. त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे पण शिकवण्यात हात न आखडणारे गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली त्यांनी दूध, कडधान्ये आणि शेंगांच्या बिया यांतली प्रथिने वेगळी करण्याचे काम केले. आपल्याकडे बहुतेक माणसांना प्रथिने मिळतात ती डाळीतून आणि थोड्या दुधातून, त्यामुळे हा विषय गरिबाच्या ताटातला होता. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले आणि त्यांची नोंद रीतसर झाली. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि १९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. तिथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी हॉपकिन्सना १९२९ साली नोबेल मिळालेले होते आणि त्यांच्या प्रयोगशाळेत बऱ्याच स्त्रिया काम करीत असत. म्हणजे बेंगळूरला ज्या गोष्टीसाठी दारात बसावे लागले, ती इथे रोजच्या व्यवहारातली होती. आधी डेरेक रिश्टर यांच्याकडे आणि मग रॉबिन हिल यांच्याकडे त्यांनी काम केले. हिल वनस्पतींवर काम करीत. कमलाबाईंच्या हाती तिथे बटाटा आला.

आता हा भाग जरा सावकाश सांगतो, कारण त्यांच्या कीर्तीचे मूळ यात आहे. आपण श्वास घेतो तो प्राणवायू शेवटी पेशीत जातो. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन त्या प्राणवायूपर्यंत एकदम जात नाहीत. डाळ मिलमध्ये हमाल ओळीने उभे राहून पोते हातोहात पुढे देतात, तसे हे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात. या ओळीतला शेवटून दुसरा हमाल म्हणजे सायटोक्रोम सी. त्याच्या पोटात एका वलयात लोहाचा एक अणू बसवलेला असतो. तो अणू एक इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढच्या विकराच्या हवाली करतो. केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली या रंगीत प्रथिनांचा शोध प्रसिद्ध करून त्यांना सायटोक्रोम हे नाव दिले होते. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना वनस्पतीच्या पेशीतही सायटोक्रोम सी असल्याचे दाखवून दिले. म्हणजे घोड्याच्या हृदयात, यीस्टमध्ये आणि शेतात मातीखाली वाढणाऱ्या बटाट्यात श्वासाची रीत एकच. अक्काच्या वाटीत फेस आणणाऱ्या कॅटलेजच्या पोटातही लोहाचे जवळजवळ तसलेच वलय असते, हे तिने मला नंतर सांगितले.

हा प्रबंध चौदा महिन्यांत पुरा झाला आणि तो टंकलिखित चाळीस पानांचा होता. आमच्या बी.कॉम.च्या प्रकल्प अहवालालाही याहून जास्त पाने लागतात. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख सर्वत्र होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना १९३१ सालीच अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली होती, म्हणून पहिली हा शब्द मी जरा जपून वापरतो. त्याने कमलाबाईंचे काही कमी होत नाही.

त्याच साली त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या. तिथे जीवनसत्त्वांवर काम केले. (हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला आली.) १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाले. ते विमागणिती होते, म्हणजे आमच्याच शाखेच्या जवळचे, हे सांगायचा मोह मला आवरत नाही. मग मुंबईला इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

मुंबईतले त्यांचे काम मला सर्वांत जवळचे वाटते, कारण ते आमच्या दुकानातल्या पोत्यांपर्यंत येते. आमच्या बिदर-कलबुर्गी भागाला तुरीचे कोठार म्हणतात. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. इकडे तूर, मूग, उडीद, आणि अलीकडे सोयाबीन. या कडधान्यांत प्रथिने भरपूर. पण त्याच बियांत एक दुसरेही प्रथिन दडलेले असते. आपल्या पोटात ट्रिप्सिन नावाचे विकर अन्नातल्या प्रथिनांचे तुकडे करते. बियांतले हे प्रथिन ट्रिप्सिनला जाऊन घट्ट चिकटते आणि त्याचे तोंड बंद करते. किल्ली कुलपात जाते, पण फिरत नाही आणि बाहेरही निघत नाही. याला ट्रिप्सिन-रोधक म्हणतात. बी खाणाऱ्या किड्याला पचू नये म्हणून झाडाने केलेली ही व्यवस्था असावी. आपल्याला ती भोवत नाही, कारण आपण डाळ शिजवतो आणि उष्णतेने हे रोधक बहुतांशी नष्ट होतात.

कमलाबाईंनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन भारतीय भाज्यांतील आणि कडधान्यांतील या रोधकांचा पद्धतशीर तपास केला. ते निबंध १९५४ आणि १९५५ साली प्रसिद्ध झाले. वाल आणि डबल बी यांतले रोधक तर त्यांनी स्फटिकरूपात वेगळे काढले आणि ते काम नेचर या इंग्रजी नियतकालिकात छापून आले. वाल म्हणजे आपल्या कन्नड विभागातल्या मित्रांचे अवरे. माझी आजी वाल भिजवून, मोड आणून, सोलून मगच शिजवायची. ती हे का करते असे विचारले तर पोट दुखते म्हणायची. आजीच्या अनुभवाला शास्त्राचा आधार कितपत आहे हे कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत मोजले जात होते, आणि आमच्या गावात कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

त्यांचे दुसरे गाजलेले काम नीरेवरचे. आमच्याकडे शिंदीची झाडे पुष्कळ, आणि शिंदी म्हटले की लोक हसतात. पण सूर्य उगवण्याआधी उतरवलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. यीस्टची विकरे कामाला लागली की तिची ताडी होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी सुचवल्यावरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. तिच्यात अ आणि क जीवनसत्त्वे व लोह असल्याचे दिसले, आणि आदिवासी भागांतल्या कुपोषित मुलांना व गरोदर स्त्रियांना ती दिल्यावर प्रकृतीत सुधारणा झाली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

इन्स्टिट्यूटच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असताना ते त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले. बेंगळूरच्या दारातली गोष्ट मुंबईत वेगळ्या रूपाने पुन्हा घडली, एवढेच म्हणतो. नंतरच्या काळात त्या मुंबईच्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या कामात पडल्या. ही संस्था १९६६ साली नऊ स्त्रियांनी स्थापन केली होती. १९८२-८३ मध्ये कमलाबाई तिच्या अध्यक्ष होत्या आणि तिच्या कीमत या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत असत. तूरडाळीत लाखेची डाळ मिसळणे, डाळीला पिवळा रंग मारणे हे प्रकार आमच्या व्यवसायात कुठे कुठे चालतात. आमच्या दुकानात चालत नाहीत, हे अप्पांच्या वतीने इथे नमूद करतो.

१९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांच्या सत्काराचा समारंभ केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला.

कमलाबाईंनी विकरांची नक्कल कधी केली नाही. ते काम पुढच्यांनी उचलले. अमेरिकेत रोनाल्ड ब्रेस्लो यांनी स्टार्चपासून मिळणाऱ्या वाटीसारख्या रेणूंना रासायनिक हात जोडून कृत्रिम विकरे घडवली. काहींनी लोहाचे ते वलयच प्रयोगशाळेत बांधले. जर्मनीचे बेन्यामिन लिस्ट यांनी २००० साली असे दाखवले की शेकडो दुव्यांचे अख्खे विकर नको, प्रोलीन हे एकच अमिनो आम्ल काही विक्रियांत तेच काम करते. २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याचसाठी होता. २००७ साली चिनी शास्त्रज्ञांना लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण विकरासारखे वागताना आढळले, आणि २०१४ साली प्रा. मुगेश यांच्या गटाने व्हॅनेडियमच्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म तारांकडून शरीरातल्या एका रक्षक विकराचे काम करून घेतले. तेही पेरॉक्साइडचाच बंदोबस्त करते, अक्काच्या वाटीतल्यासारखा. हे काम झाले बेंगळूरच्या त्याच संस्थेत, जिच्या कचेरीपुढे १९३३ साली कमलाबाई बसल्या होत्या.

आता घरची गोष्ट. बारावीनंतर मला पुण्याला पाठवायला अप्पा एका शब्दात तयार झाले होते. मीच गेलो नाही, दुकान सोडवेना. अक्काने बेंगळूरचे नाव काढले तेव्हा वसतिगृह, सोबत, लोक काय म्हणतील, भाषा, सगळे प्रश्न निघाले. भाषेचा प्रश्न तर हास्यास्पद, तिचे कन्नड माझ्याहून चांगले आहे. मी तेव्हा गप्प बसलो होतो. गप्प बसणे मला सोयीचे होते, कारण ती गेली तर दुकानाचा जमाखर्च मला एकट्याला पाहावा लागेल. हा लेख लिहून झाल्यावर मी तो आधी अप्पांना वाचून दाखवला. नीरेपर्यंत त्यांनी लक्ष देऊन ऐकला, तेवढ्यात गिऱ्हाईक आले.

परवा त्यांनी गल्ल्यावर बसल्या बसल्या मला विचारले की बिदरहून यशवंतपूरला जाणारी गाडी किती वाजता सुटते. मी सांगितले की संध्याकाळी सुटते आणि सकाळी पोहोचते, आणि यशवंतपूर स्टेशनापासून ती संस्था अगदी जवळ आहे. त्यांनी पुढे काही विचारले नाही. अर्ज देवघराच्या फळीवर आहे, अजून सही झालेली नाही. मुदत संपायला बारा दिवस आहेत.